बर्फ सोडून बेळगावात या म्हणणाऱ्या त्या फॉरवर्डबद्दल

गेले दोन महिने एक फॉरवर्ड फिरतोय, तुमच्यापण ग्रुपवर आला असणार. "अमेरिकेत बर्फ उपसत म्हातारे होऊ नका, तिकडचं घर विका आणि बेळगावात या." खाली किल्ल्याच्या तळ्याचा फोटो आणि मग मुद्दे: इथं बारा महिने ऊबदार हवा, घसरून पडायची भीती नाही, तिकडच्या एका महिन्याच्या खर्चात इथं वर्ष निघतं, घर विकलेल्या पैशात पाच एकर शेत आणि फार्महाऊस होतं, दवाखाना जवळपास फुकट, टॅक्सची कटकट संपली, सगळीकडं मराठी चालते. एवढं सगळं एका मेसेजात.

मी याच्यावर लिहिणार नव्हते, पण माझ्या वन्सं अमेरिकेत बफेलोला असतात, त्यांना तो तीन ठिकाणांहून आला आणि त्यांचा फोन आला, "अगं, घर विकायला काढूया म्हणतोय आम्ही, मार्चमध्ये चांगला भाव येतो म्हणे." तेव्हा मात्र माझ्या पोटात गोळा आला. मी स्वतः १८ वर्षं अमेरिकेत, मिनेसोटा राज्यातल्या मिनियापोलिसला काढून २०१७ ला परत आलेय, बेळगावात टिळकवाडीत राहतेय आणि परत जायचा विचारसुद्धा नाही, म्हणजे येऊ नका असं मी म्हणत नाहीये, याच्या बरोब्बर उलट. पण त्या मेसेजवर विसंबून कुणी घर विकलं तर पहिल्याच जुलैत रडायची पाळी येईल.

बर्फाबद्दल त्यात जे लिहिलंय ते मात्र खरंय, ते आधी मान्य करते. जानेवारी २०१४ मध्ये एक दिवस गव्हर्नरनी थंडीमुळं अख्ख्या मिनेसोटाच्या शाळा बंद ठेवल्या होत्या, पारा उणे ३० च्या आसपास होता. बर्फ पडायचा थांबला की २४ तासांत घरापुढचा फूटपाथ आपणच साफ करायचा, हा शहराचा नियम. आणि फावड्यानं तासभर उपसून ड्राइव्हवे मोकळा केला की मागनं नगरपालिकेची बर्फ ढकलायची गाडी येते आणि रस्त्यावरचा सगळा घट्ट, मिठाचा, चिखलाचा बर्फ आपल्याच ड्राइव्हवेच्या तोंडाशी ढकलून जाते, तो ढीग पहिल्यापेक्षा जड असतो, आणि आमचे हे ५५ व्या वर्षी तो फोडताना छातीला हात लावून उभे राहिले तेव्हाच आमचं परत यायचं ठरलं. बफेलो तर त्याहून वाईट, ईरी तळ्यावरनं येणाऱ्या वाऱ्यानं तिथं बर्फाची भिंतच उभी राहते. नोव्हेंबर २०२२ मध्ये शेजारच्या ऑर्चर्ड पार्कला एका वादळात ८० इंच बर्फ पडला, म्हणजे साडेसहा फुटांच्या वर, आणि त्याच डिसेंबरातल्या नाताळच्या वादळात त्या भागात ४० हून जास्त माणसं गेली. वन्संना सुटायचंय यात त्यांचं काहीच चुकत नाही.

आता पहिला मुद्दा, बारा महिने ऊबदार हवा. हे ज्यानं लिहिलंय त्यानं बेळगावचा पावसाळा काढलेला नाही. आपलं गाव अडीच हजार फुटांवर, सह्याद्री ओलांडून आलेला ढग पहिल्यांदा आपल्यावरच रिकामा होतो. खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडं तर विचारूच नका. जुलै-ऑगस्टमध्ये दुपारचंसुद्धा तापमान पंचवीसच्या आसपास, आणि दिवसचे दिवस ऊन नाही. कागदावर २५ म्हणजे छान वाटतं, पण तिकडं बाहेर उणे वीस असलं तरी घरात एकवीस डिग्री कोरडी हवा असते, टी-शर्टवर फिरता येतं. इथं घरात हीटिंग नाही. बाहेर जेवढं गार तेवढंच आत गार, वर ओल. पहिल्या वर्षी मी तिकडनं आणलेली चामड्याची पर्स कपाटातनं काढली तर तिच्यावर हिरवी लव, बोट फिरवलं तर बोट हिरवं. मिठाच्या बरणीत पाणी, पापड मऊ, कपाटाचं दार फुगून लागेना. कपडे चार-चार दिवस वाळत नाहीत, शेवटी इस्त्रीनं वाळवायचे. गच्चीवरचा सोलर जुलैत कोमट पाणीसुद्धा देत नाही, गिझर लावावा तर नेमकी लाईट गेलेली, म्हणून आम्ही सासूबाईंचा तांब्याचा बंब परसात परत बसवला आणि चार महिने तोच पेटतो.

आमच्या गल्लीत मराठा लाईट इन्फंट्रीतनं रिटायर झालेले एक मामा आहेत, लडाखला राहून आलेले. ते दर पावसाळ्यात गुडघे चोळत म्हणतात, "बर्फ सोसला बघ पोरी, ही ओल सोसंना झालीय, हाडात शिरूलीय." ज्यांना संधिवात आहे, दमा आहे त्यांनी हे नीट ऐकावं. दमेकऱ्यांना बुरशीचा त्रास होतो, हे मी घरात बघतेय. डिसेंबर-जानेवारीत रात्री चांगलीच थंडी पडते, फरशी गार लागते, आणि मार्च-एप्रिलमध्ये दुपारी पस्तीसच्या वर जातं. म्हणजे ऊबदार म्हणावं असे महिने आहेत, चांगले आहेत, दसरा-दिवाळीपासून पुढची हवा तर मला जगात कुठं आवडत नाही एवढी आवडते, पण ते बारा नाहीत. आणि जिल्हा एक म्हणून हवा एक असंपण नाही, अथणीकडं पाऊस कमी आणि उन्हाळा कडक, खानापूरला त्याच्या उलट. फॉरवर्डमध्ये सगळंच "बेळगाव".

घसरून पडायची भीती नाही म्हणे. शेवाळ बघितलंय काय कधी? सासूबाई २०१९ च्या ऑगस्टमध्ये परसातल्या दगडी पायरीवरनं घसरल्या, मनगट मोडलं, आणि तो तोच आठवडा होता जेव्हा जिल्ह्यात महापूर आला, घटप्रभा, मलप्रभा, कृष्णा सगळ्या पात्राबाहेर, गावात पण कितीतरी घरांत पाणी. दवाखान्यात पोचायला आम्हाला दोनदा रस्ता बदलावा लागला. तेव्हापासून मृग लागला की दर रविवारी पायऱ्यांवर ब्लीचिंग पावडर टाकून खराट्यानं घासते, तिकडं मीठ टाकायचे, इथं ब्लीचिंग.

खर्चाचा मुद्दा अर्धा खरा. भाजी, दूध, कामाला येणाऱ्या मावशी, रिक्षा, घरपट्टी, लाईट बिल, यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, तिकडची प्रॉपर्टी टॅक्सची रक्कम आठवली तर अजून घाम येतो. पण एका महिन्यात वर्ष निघतं हे साफ खोटं. वर्षातनं एकदा पोरांकडं जायचं तिकीट, गाडी, तिकडच्या सवयीची औषधं, इन्व्हर्टर, बोअरवेलची मोटर, वॉटरप्रूफिंग दर दोन-तीन वर्षांनी, हे कोण धरत नाही. पाणी २४ तास येतं असं ऐकून येणाऱ्यांनी एक विचारावं, कुठल्या वॉर्डात? २००८ पासून ते गावातल्या ठराविक भागांत आहे, बाकीच्यांनी टाकी भरून ठेवायची. आणि डॉलर ८० च्या वर गेला म्हणून हिशोब गोड दिसतो, पण घर विकून सगळे पैसे रुपयात आणले की पुढची महागाई पण रुपयातच सोसायची.

आता शेताचं, आणि हे मी जीव तोडून सांगतेय कारण यात माणसं बुडताना बघितलीत. तिकडं राहणाऱ्या एनआरआय किंवा ओसीआय कार्डवाल्याला (म्हणजे परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मूळच्या भारतीयाला) भारतात शेतजमीन, मळा किंवा फार्महाऊस विकत घेता येत नाही. फेमाचा, म्हणजे परकीय चलनाच्या कायद्याचा नियम आहे तसा. घर, फ्लॅट घेता येतो, शेत वडिलार्जित वारशानं आलेलं असेल तर ठेवता येतं, पण विकत नाही. गोंधळ कुठं होतो तर २०२० साली कर्नाटकानं जमीन सुधारणा कायद्यात बदल करून शेतकरी नसलेल्यांनापण शेतजमीन घ्यायची मोकळीक दिली, मग एजंट छाती ठोकून सांगतात, "आता कुणालापण घेता येतंय की, मॅडम." ती मोकळीक राज्याच्या कायद्यातली, फेमा केंद्राचा, एकानं सोडलं म्हणून दुसरं सुटत नाही. मग दुसरा उपाय सुचवतात, मेव्हण्याच्या नावावर घ्या, नाहीतर बाँडपेपरवर, म्हणजे रजिस्ट्री न करता नुसत्या स्टँपपेपरवर, प्लॉट घ्या. आमच्या ओळखीतल्या एका जोडप्यानं, तेही परदेशातनंच परतलेलं, गावातल्या बळ्ळारी नाल्याच्या अंगाला बाँडपेपरवर प्लॉट घेतला, फेब्रुवारीत बघितला तेव्हा जमीन खडखडीत कोरडी, बाजूला वाळलेलं भाताचं खुंट. जुलैत जाऊन बघितलं तर प्लॉटचा दगड पाण्याखाली. शहापूर-वडगावच्या शिवारात दरवर्षी पाणी चढतं हे तिथल्या कुठल्यापण शेतकऱ्यानं फुकट सांगितलं असतं. खाते उतारा नाही, लेआउटला बुडाची (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाची) मंजुरी नाही, बँक कर्ज देईना, विकायला गेलं तर कोण घेईना. त्या बाई माझ्या सोप्यात बसून रडल्या तेव्हा त्यांना काय सांगावं हे मला सुचलं नाही.

दवाखाना. गावात मोठी हॉस्पिटलं आहेत, चांगले डॉक्टर आहेत, तिकडच्या मानानं खर्च नक्कीच कमी. फुकट नाही. तिकडचं मेडिकेअर, म्हणजे म्हाताऱ्यांचा सरकारी आरोग्य विमा, सहसा अमेरिकेबाहेर चालत नाही हे पुष्कळांना माहीतच नसतं. आणि मेडिकेअरचा पार्ट बी (डॉक्टरांच्या खर्चाचा भाग) सोडून आलात आणि पाच वर्षांनी परत घ्यायचा म्हटलं तर दर पूर्ण वर्षामागं दहा टक्के जादा हप्ता, तो कायमचा. इथला हेल्थ इन्शुरन्स साठीनंतर महाग पडतो आणि आधीच्या आजारांना तीन वर्षांपर्यंत थांबायला लावू शकतात. शुगर-बीपी असेल तर ही तीन वर्षं स्वतःच्या खिशातनं काढायची तयारी ठेवा.

टॅक्सची कटकट संपत नाही, दुप्पट होते. अमेरिकेचं नागरिकत्व किंवा ग्रीनकार्ड असेल तर जगात कुठंपण राहा, रिटर्न भरायचंच, आणि इथल्या सगळ्या खात्यांत मिळून वर्षात कधीपण दहा हजार डॉलरच्या वर गेलं तर त्याचा वेगळा रिपोर्ट. दोन्हीकडचं कळणारा सीए आधी गाठा.

मराठीचं शेवटी. बाजारात, गल्लीत, यळ्ळूरला, खानापूरला मराठीच आहे आणि ती कुणाच्या बापाची मेहेरबानी म्हणून नाही, पिढ्यानपिढ्या आहे, १९५६ पासून लोकांनी त्यासाठी काय काय सोसलंय ते इथल्या प्रत्येक घरात माहीत आहे, महाराष्ट्राचा दावा २००४ पासून सुप्रीम कोर्टात आहे. पण आरटीसी उतारा (इथला सातबारा) कन्नडात, नोटीस कन्नडात, ऑफिसातला फॉर्म कन्नडात. "सगळीकडं मराठी चालते" असं समजून न वाचता सही केली तर नुकसान आपलंच. मी साठीला आलेय आणि शेजारच्या अक्कांकडनं कन्नड अक्षरं शिकले, निदान नाव, सर्व्हे नंबर, तारीख वाचता येते. लाज कसली त्यात.

वन्संना मी हे सगळं दोन तास फोनवर सांगितलं. मग त्यांनी विचारलं, "मग आम्ही यायचंच नाही काय गं?" मी म्हटलं, या की, पण जूनमध्ये या. लोक येतात डिसेंबरात, हुरडा खातात, कुंदा बांधून नेतात आणि परत जाऊन घर विकायला काढतात. तुम्ही मृगाला या आणि गणपती उठेपर्यंत भाड्याच्या घरात राहा, आमच्याकडंच राहा, तिकडचं घर विकू नका, भाड्यानं द्या. भाऊजींचा दमा या हवेत कसा वागतो ते बघू, बुडाच्या ऑफिसला एक फेरी मारू, घटस्थापनेला परत बोलू.

काल त्यांचा मेसेज आला, भाडेकरू मिळालाय, एक वर्षाचा करार झालाय, तिकिटं ७ जूनची काढलीत. माडीवरच्या खोलीची पश्चिमेकडची भिंत दरवर्षी ओल धरते, तिला गिलावा करायला गवंडी सोमवारी येतोय, आणि बंबासाठी लाकडं आत्ताच भरून ठेवतेय, जूनमध्ये ओली मिळतात.