‘आधी स्वतः वाचा, मग शिकवा’: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. रिसेप्टर म्हणजे हार्मोनचा निरोप घेणारं पेशीतलं प्रथिन. त्यावरच्या माझ्या लेखात रिसेप्टर हे कुलूप आणि हार्मोन ही किल्ली, अशी उपमा होती. त्या लेखाखाली तुम्ही लिहिलंत: ‘कुलूप-किल्लीची उपमा दिशाभूल करते, किल्ली म्हटलं की हार्मोन आत शिरतो असं वाटतं. स्टेरॉइड हार्मोन विसरलात. हार्मोन नसतानाही रिसेप्टर थोडाफार चालू असतो, याचा तर पत्ताच नाही. आधी स्वतः वाचा, मग शिकवा.’

शेवटच्या वाक्याबद्दल आधी बोलते. सोळा वर्षं मी हा विषय शिकवतेय. आईला नऊ वर्षं इन्सुलिनची इंजेक्शनं याच हातांनी दिली. इन्सुलिन पेशीच्या दाराशी काय करतं, हे मी परीक्षेपुरतं पाठ केलेलं नाही. चूक दाखवा, जरूर दाखवा. पण एका लेखावरून कुणाचा अभ्यास काढायचा, ही कुठली रीत?

एक गोष्ट मान्य. ‘सगळे हार्मोन पेशीबाहेरच थांबतात’ असं मी लिहिलं होतं, त्यातलं ‘सगळे’ चुकलं. कॉर्टिसॉल, इस्ट्रोजेन असे स्टेरॉइड हार्मोन पेशीपटल (पेशीचं आवरण) ओलांडून आतल्या रिसेप्टरला चिकटतात. तो शब्द बदललाय.

आता किल्ली. अहो, किल्ली घरात फिरायला जाते का कधी? ती कुलपातच राहते, सरकतो तो आतला खटका. ॲड्रेनलिनचं नेमकं हेच होतं. त्याचा रिसेप्टर पेशीपटलातून सात वेळा आरपार गेलेला असतो, जणू सात दांडे. ॲड्रेनलिन बाहेरच्या बाजूच्या खोबणीत बसतं आणि आतल्या बाजूला सहाव्या दांड्याचं टोक बाहेर झुकतं. २०११ साली या रिसेप्टरची जी-प्रोटीनसकट (निरोप आत पुढे नेणाऱ्या प्रथिनासकट) रचना हाती आली, तेव्हा हे सरकणं सुमारे १.४ नॅनोमीटर दिसलं. त्या फटीत जी-प्रोटीनचं टोक शिरतं, त्याला चिकटलेला जीडीपी नावाचा छोटा रेणू सुटतो, त्याच्या जागी जीटीपी हा दुसरा रेणू येऊन बसतो आणि निरोप पुढे जातो. याला खटका नाही तर काय म्हणायचं?

हार्मोन आत जावा लागत नाही, हे अमेरिकन शास्त्रज्ञ अर्ल सदरलंड यांच्या प्रयोगात किती स्वच्छ दिसतं! यकृताच्या पेशी फोडल्या. पटलाचे तुकडे काढून टाकल्यावर उरलेल्या द्रावात ॲड्रेनलिन घातलं तर काहीच घडेना. मग ते वेगळ्या काढलेल्या तुकड्यांवर घातलं, तयार झालेलं उकळलं आणि त्या पहिल्या द्रावात ओतलं. ग्लायकोजेन (यकृतातला साखरेचा साठा) फोडणारं एन्झाइम जागं झालं! उकळूनही टिकलेला तो निरोप्या म्हणजे सायक्लिक एएमपी हा छोटा रेणू. त्यासाठी त्यांना १९७१ चं नोबेल मिळालं. हा प्रयोग मी दरवर्षी फळ्यावर काढते, आणि किल्ली आत शिरते असं आजवर एकाही मुलाने लिहिलेलं नाही.

हार्मोनशिवाय चालू असणारा रिसेप्टर माझ्या लेखाचा विषयच नव्हता. जे लिहायला घेतलंच नव्हतं, ते का नाही म्हणून जाब विचारू नका. पुढच्या वेळी ‘हे वाक्य चुकलंय’ एवढंच लिहा, त्याच दिवशी दुरुस्त करीन.