कार्बोरेटरनं काय घोडं मारलंय?

जुनी पद्मिनी मोटार पन्हाळ्याच्या चढाला धापा टाकायला लागली, की लगेच पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरवर स्क्रूड्रायव्हर! अरे भावा, आधी ठिणगी वाटणाऱ्या डिस्ट्रिब्युटरचं झाकण तरी काढ. आतले पॉइंट कॉइलचा करंट जोडतात-तोडतात आणि त्यातनं ठिणगी पडते. त्या पॉइंटची फायबरची टाच फिरत्या कॅमवर घासून झिजते, फट मिटत जाते, ठिणगी उशिरा पडते. गाडी मरते ती तिथं. टाच कॅमच्या उंचवट्यावर आणायची, फीलर गेजनं, म्हणजे फट मोजायच्या पात्यांनी, साधारण 0.45 मिमी फट लावायची, मगच ठिणगीचं टायमिंग. पॉइंट सारखे जळत असतील तर त्यांच्यावरचा जाळ शोषणारा कंडेन्सर बदला.

कोल्हापूरच्या उद्यमनगरात इंजिनचा अख्खा ब्लॉक बोअर करून मिळतो, पण दहा पात्यांचं गेज कुणाच्या खिशात नाही! हॅक्सॉ ब्लेडचा तुकडा घालून ‘बसलं बघा’. ते पातं 0.6 मिमीच्या वर, राव! एवढ्या फटीत पॉइंट जोडलेले राहतात कमी, कॉइल भरायला वेळच मिळत नाही. वेग वाढला की मिसिंग, ठिणगीच चुकते. मग पुन्हा कार्बोरेटरच्या बिचाऱ्या जेटलाच पिळा.