केशराचा चहा आणि ‘दहा मिनिटं रटरट उकळा’

थंडी पडली की व्हॉट्सॲपच्या गटांवर एक निरोप फिरू लागतो. शब्द बदलतात, सांगाडा तोच. केशराच्या २०-२५ काड्या दुधाच्या चहात टाका आणि १० मिनिटं रटरट उकळा. पाण्यात टाकताक्षणी लाल रंग सुटला तर केशर अस्सल. केशर दुधातच भिजवायचं, पाण्यात गुण उतरत नाही. परवडत नसेल तर आपल्या शेतातली करडईची फुलं घ्या, तेही केशरच. आणि जितकं जास्त घालाल तितका फायदा. सोबत गुलाबी चहाच्या कपाचा फोटो.

आधी फोटोचं बघू. हा गुलाबी चहा म्हणजे काश्मिरी नून चहा. हिरव्या चहाची पत्ती खाण्याचा सोडा घालून बराच वेळ उकळतात, मग दूध आणि मीठ घालतात. रंग येतो तो या सोड्यामुळे आणि दुधामुळे. केशर पडतं ते कहव्यात, म्हणजे काश्मीरच्याच बिनदुधाच्या चहात. त्यात हिरवा चहा, दालचिनी, वेलदोडा, वर बदामाचे काप. केशराचा कप सोनेरी पिवळा दिसतो. गुलाबी रंग केशरातून निघतच नाही.

आता उकळण्याचं, कारण सगळा घोळ इथेच आहे. केशराचा रंग क्रोसिनमुळे, कडवटपणा पिक्रोक्रोसिनमुळे आणि वास सॅफ्रनालमुळे असतो. सॅफ्रनाल वाफेबरोबर उडून जातं. उकळताना सगळ्या घरात केशराचा घमघमाट सुटला, तर तेवढा वास कपातून गेला असं समजायचं. क्रोसिनही दीर्घ आचेवर मोडतं. त्यात आपला चहा कडक, आलं ठेचून घातलेलं, दूध घट्ट. अशा तपकिरी चहात २५ काड्यांचा रंगही दिसत नाही आणि आल्यापुढे वासही टिकत नाही. म्हणून केशर भिजवायचं आणि शेवटी घालायचं.

दोन कपांसाठी १० ते १२ काड्या पुरतात. पावसाळ्यात काड्या सादळल्या असतील तर तवा कोमट करून गॅस बंद करा आणि त्यावर १५-२० सेकंद ठेवा, जास्त नको, करपल्या की चहा कडू होतो. मग छोट्या वाटीत चिमूटभर साखरेबरोबर चमच्याच्या पाठीने चुरा. खलबत्ता काढू नका. एवढंसं केशर त्याच्या तळालाच चिकटून बसतं. त्यावर दोन मोठे चमचे गरम पाणी घाला. उकळतं नको, गॅस बंद करून तीन-चार मिनिटं थांबलेलं. वर झाकण ठेवून १५ ते २० मिनिटं विसरून जा. कोरा चहा करायचा तर दोन कप आधणात पाऊण चमचा पत्ती घाला (भुकटी नको, पत्तीच), गॅस बंद करून दोन मिनिटं झाका, गाळा, आणि वाटीतलं केशर काड्यांसकट कपात ओता. दूध हवंच असेल तर सव्वा कप पाणी, पाऊण कप वेगळं तापवलेलं दूध, एक चमचा पत्ती. वेलदोडा एकच, आलं नाही. केशर घातल्यावर भांडं पुन्हा गॅसवर चढवायचं नाही.

पाण्याकडेही बघा. आपल्याकडे बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड. अशा क्षाराच्या पाण्यात कोऱ्या चहावर मळकट तवंग येतो आणि सोनेरी रंग मातकट दिसतो. दोष केशराला दिला जातो. फिल्टरचं पाणी घेतलं की फरक लगेच दिसतो. गुळाचंही तसंच. गूळ घालून दूध उकळलं की चहा फाटतो, आणि ‘केशराने दूध नासलं’ अशी ओरड होते. केशराने दूध फाटत नाही. गूळ घालायचा तर गॅस बंद केल्यावर, आणि त्याचा रंग केशराच्या रंगावर चढणार हे धरून.

दुधातच भिजवायचं, हा दावा उलटा आहे. क्रोसिन पाण्यात विरघळतं, तुपा-सायीत नाही. दुधात रंग उतरतो तो दुधातल्या पाण्यामुळे, आणि साय जितकी जास्त तितका हळू. श्रीखंड-बासुंदीला दुधात भिजवतात, कारण त्यात वरचं पाणी नको असतं. चहात पाणी असतंच.

‘टाकताक्षणी लाल रंग’ ही खूण तर नकली मालाची आहे. अस्सल काडी पाण्यात पडली की आधी काहीच होत नाही. मग तिच्याभोवती पिवळी रेघ पसरते, १०-१५ मिनिटांत पाणी सोनेरी होतं आणि काडी मात्र लालच राहते. रंगवलेला माल लगेच लाल-नारिंगी रंग सोडतो आणि काडी फिकी पडते. मक्याच्या कणसाचे केस रंगवून विकतात तेव्हा हेच होतं. भिजलेली काडी बोटावर घेऊन बघा: एक टोक निमुळतं, दुसरं कर्ण्यासारखं पसरलेलं आणि कडेला दातेरी. चव किंचित कडवट. जिभेवर गोड लागली तर वजन वाढवायला साखर किंवा मध लावलाय. लच्छा प्रकारात काडीला पिवळी शेपटी असते. ती नकली नव्हे, फक्त त्या भागातून रंग कमी येतो, म्हणून मोंगऱ्याच्या (शेपटी काढलेल्या, निव्वळ लाल केशराच्या) दहा काड्यांऐवजी लच्छ्याच्या चौदा-पंधरा घ्या. केशराची पूड विकत घेऊच नये, तिच्यात ओळखण्यासारखं काही उरत नाही.

आता करडई. कोवळ्या पानांची भाजी आपण खातो, तेल खातो, येळवशीला (वेळ अमावास्येला) शेतात गेलं की कडेला ती उभी दिसते. परभणीच्या कृषी विद्यापीठाने ‘परभणी कुसुम’ हे वाण याच पिकाचं दिलं. पण करडई सूर्यफुलाच्या कुळातली, बियांपासून येणारी. केशर कंदापासून येतं, काश्मीरमधल्या पांपोरच्या थंडीत ऑक्टोबर-नोव्हेंबरात फुलतं, आणि एका फुलातून तीनच काड्या मिळतात. किलोभर केशराला साधारण दीड लाख फुलं लागतात. महाग आहे ते यासाठी. करडईची सुटी पाकळी नळीसारखी असते, टोकाला पाच फाटे, आणि कर्णा कुठेच नाही. ‘अमेरिकन केसर’ म्हणून ज्याचं बी चढ्या दराने गळ्यात मारतात, तेही करडईच.

म्हणून करडईचा चहा वाईट असं नाही. एका कपाला चमचाभर सुक्या पाकळ्या, गरम पाण्यात पाच मिनिटं. रंग छान पिवळा, वास जेमतेम. फक्त मावा किडीसाठी औषध फवारलेल्या रानातली फुलं घेऊ नका, आणि गर्भारपणात हा काढा टाळा.

गर्भारपणावरून आठवलं: केशर-दुधाने बाळ गोरं होतं, हेही याच निरोपाच्या एका आवृत्तीत असतं. बाळाचा रंग आई-वडिलांच्या जनुकांवरून ठरतो.

राहिलं ‘जास्त तितका फायदा’. एक काडी साधारण दोन मिलिग्रॅमची, म्हणजे एका ग्रॅममध्ये ४५० ते ५०० काड्या. सौम्य नैराश्यावर केशराचे जे अभ्यास झाले, त्यात मात्रा बहुधा दिवसाला ३० मिलिग्रॅम होती, तीही बहुतेकदा केशराच्या अर्काची. पाच ग्रॅमच्या पुढे केशर विषारी मानलं जातं. आपल्या कपात तेवढं कोणी घालणार नाही, पण अर्धा ग्रॅम घातलं तरी चहा औषधासारखा कडू लागतो. हिशेबही करा. ग्रॅमची डबी ४०० रुपयांना धरली तर दहा काड्यांचे आठ-नऊ रुपये होतात, २५ काड्यांचे वीसच्या वर, आणि त्या उकळल्या तर पैसे वाफेवर गेले.

डबी घट्ट झाकणाची, उजेड न जाणारी हवी. एप्रिल-मेच्या ४२-४३ अंशांत गॅसजवळच्या फळीवर ठेवू नका. वारंवार फ्रिजमधून काढ-घालही नको, आत दव धरतं. कपाच्या तळाशी उरलेल्या काड्यांत अजून रंग असतो. त्या वाटीत काढून चमचाभर गरम पाण्यात अर्धा तास ठेवा. सकाळच्या शिऱ्याला पुरेसा पिवळेपणा येतो.