‘नवे आउटलुक टाका, जुने मेल आपोआप येतात’ : एका फिरत्या संदेशाचा प्रतिवाद

विंडोज १० आणि ऑफिस २०१६ व २०१९ यांना मायक्रोसॉफ्टकडून मिळणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. तेव्हापासून कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल येथील कारखानदारांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा : मेल सर्व्हरवरच असतात, म्हणून जुने ऑफिस (आणि त्यातील आउटलुक हा मेलचा प्रोग्रॅम) काढून नवे टाकले की ते आपोआप खाली उतरतात, फार वाटल्यास मेलची फाइल पेनड्राइव्हवर घ्यावी, कॉन्टॅक्ट तर मोबाइलमध्ये असतातच, बॅकअपचे वेगळे पैसे मागणाऱ्याला दारातूनच परत पाठवावे. असे पैसे मागणाऱ्यांपैकी मीही एक आहे, हे आधीच सांगितलेले बरे.

पहिला दावा सर्व्हरचा. खाते आयमॅप किंवा एक्स्चेंज पद्धतीने, म्हणजे मेल सर्व्हरवरच ठेवून, जोडलेले असेल, तर तो बहुतांशी खरा आहे. परंतु आपल्याकडच्या कित्येक फौंड्री आणि मशीन शॉपमध्ये दहा-पंधरा वर्षांपूर्वी स्वतःच्या डोमेनवर पॉप पद्धतीने उघडलेली खाती आजही तशीच चालू आहेत, आणि पॉपमध्ये मेल संगणकावर उतरल्यानंतर सर्व्हरवरची प्रत सहसा लगेच किंवा ठरलेल्या दिवसांनी पुसली जाते; आउटलुकमध्ये ही मुदत बहुधा चौदा दिवसांची असते. शिवाय पाठवलेल्या मेलची प्रत पॉपमध्ये सर्व्हरवर राहतच नाही, ही गोष्ट संदेश लिहिणाऱ्याच्या गावीही नसावी. शिरोलीतील एका कास्टिंग कारखान्यात मला बोलावले गेले, ते सी ड्राइव्ह फॉरमॅट होऊन नवे ऑफिस बसल्यानंतर. इनबॉक्समध्ये नेमके मागचे दोन आठवडे होते आणि ‘सेंट आयटम्स’ पूर्ण रिकामे. पॅटर्नमधील बदल ग्राहकाने मान्य केल्याचे उत्तर आणि त्याला जोडलेले ड्रॉइंग त्या पुसलेल्या फाइलमध्ये होते, आणि माल नाकारला गेल्यावर दाखवायला मालकांच्या हाती काहीही उरले नव्हते.

‘मेलची फाइल पेनड्राइव्हवर घ्या’ या सल्ल्यात फाइल एकच असते, असे गृहीत धरले आहे. पॉप खात्याचे मेल पीएसटी या आउटलुकच्या संगणकावरील साठवण-फाइलमध्ये असतात. ती कधी ‘डॉक्युमेंट्स’मधील ‘आउटलुक फाइल्स’मध्ये सापडते, कधी अ‍ॅपडेटा या लपवलेल्या फोल्डरमध्ये, आणि कोणी हुशारीने आर्काइव्ह केले असेल तर जुनी वर्षे डी ड्राइव्हवरच्या दुसऱ्याच फाइलमध्ये असतात. म्हणून शोधाशोध न करता आउटलुकच्याच ‘अकाउंट सेटिंग्ज’मधील ‘डेटा फाइल्स’ची यादी पाहावी आणि आउटलुक पूर्ण बंद करूनच फाइल उचलावी. आयमॅप आणि एक्स्चेंज खात्यांची ओएसटी फाइल मात्र सर्व्हरवरील मेलची स्थानिक प्रत असते. ती नव्या संगणकावर नेऊन आउटलुकमध्ये उघडता येत नाही, त्यामुळे तिची कॉपी करून निर्धास्त झालेला माणूस फसतो.

कॉन्टॅक्टच्या दाव्यात सर्वांत अधिक गफलत आहे. ‘टू’च्या चौकटीत दोन अक्षरे टाइप करताच जे पत्ते खाली दिसू लागतात, त्यांनाच खरेदी विभागातील मंडळी कॉन्टॅक्ट समजतात. प्रत्यक्षात ती आउटलुकने आठवणीत ठेवलेली यादी असते, तिचा अ‍ॅड्रेस बुकशी संबंध नसतो आणि नवे प्रोफाइल तयार केले की ती बहुधा कोरी होते. खरे कॉन्टॅक्टही मोबाइलमध्ये असतीलच असे नाही, कारण साध्या आयमॅप खात्यात आउटलुक २०१३पासून पुढे कॉन्टॅक्टच्या फोल्डरपुढे ‘फक्त हा संगणक’ अशा अर्थाची इंग्रजी सूचना कंसात दिसते, आणि ती शब्दशः खरी असते. ते फोल्डर आधी पीएसटीमध्ये एक्स्पोर्ट करावे लागते.

काही जण त्याऐवजी सीएसव्ही फाइल, म्हणजे स्वल्पविरामांनी विभागलेली साधी यादी, काढतात. तिलाही हरकत नाही, फक्त ती एक्सेलमध्ये उघडून ‘सेव्ह’ करू नये. ९१ जोडलेला बारा आकडी मोबाइल नंबर एक्सेल ‘९.१९ई+११’ अशा रूपात दाखवतो, सेव्ह केल्यावर फाइलमध्ये तेच राहते, आणि देवनागरीत लिहिलेल्या नावांच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उभी राहते. कागलच्या एका कार्यालयात अशी यादी मी पाहिली, तेव्हा नव्वदहून अधिक पुरवठादारांपैकी एकाचाही फोन लागण्यासारखा नव्हता.

राहिला पैशांचा मुद्दा. जीएसटी कायद्यानुसार हिशेबाची कागदपत्रे वार्षिक विवरणपत्राच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावी लागतात, आणि त्यांतील कितीतरी इनव्हॉइस आज मेलच्या जोडपत्रांतच पडून असतात. बॅकअपची डिस्क त्याच टेबलाच्या खणात ठेवण्याचा अर्थ काय, हे २०१९ आणि २०२१चा पूर पाहिलेल्या कोल्हापूरकराला सांगायला नको.

संदेश आपल्या कार्यालयापुरता खरा आहे की नाही, हे मालकाला स्वतःही तपासता येते. ब्राउझरमधून वेबमेल उघडून ‘सेंट’ फोल्डरमधील सर्वांत जुना मेल पाहावा. तो पाच-सात वर्षांपूर्वीचा असेल, तर निदान मेलपुरते मला बोलावण्याचे कारण नाही. फोल्डर रिकामे निघाले, तर मात्र पीएसटीची प्रत दुसऱ्या संगणकावर उघडून, प्रत्येक फोल्डरमधील मेलचा आकडा ताडून आणि एखाद्या जुन्या मेलमधील ड्रॉइंग खरोखर उघडते हे पाहूनच जुने ऑफिस काढायला द्यावे.