जुलैत ताजी सुरमई!

कोकणात हर्णै बंदरात राहतो, हाच आमचा गुन्हा. जुलैत गाड्या भरभरून पाव्हणे येतात आणि पहिला प्रश्न: "ताजी सुरमई कुठं मिळेल?" अहो, १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी असते! मासळीच्या विणीचे दिवस ते. होड्या किनाऱ्यावर झाकून ठेवल्यात, समोर दिसतायत तुम्हाला.

"मग मासळीचा लिलाव किती वाजता?" कसला लिलाव, कपाळ! आणि हंगामात लिलाव असतो तेव्हा हीच मंडळी नाकाला रुमाल लावून ऐन बोलीत सेल्फीला घुसतात. वास येतो म्हणे. मासळीबाजारात अत्तर शिंपडायचं का?

त्यात २०२५ ला आमचा समुद्रातला किल्ला, सुवर्णदुर्ग, युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. अभिमान आहेच, पण आता भर उधाणात "किल्ल्यावर सोडता का, पाचशे जास्त घ्या" सुरू झालंय. जिवाची किंमत पाचशे!

परवा एकानं गाडी थेट ओल्या वाळूत घातली. भरती चढत होती. जाळी शिवायची सोडून आमचीच पोरं ढकलायला धावली. गाडी निघाली, काच खाली झाली. वाटलं, आभार मानतोय.

"सुरमई नाही तर पापलेट तरी?"