नूरा कुस्ती आहे, ठाऊक आहे!

‘रॉ’ या अमेरिकन कुस्ती कार्यक्रमाचा ४ जानेवारी १९९९ चा भाग मी पुन्हा लावला की इंदूरच्या रामबागेतल्या आमच्या घरी काका पोह्यांची बशी घेऊन नेमके तेव्हाच येतात आणि वर्षानुवर्षे ऐकवलेले तेच वाक्य ऐकवतात: “अरे, ही नूरा कुस्ती आहे, सगळे आधीच ठरलेले असते.”

ठरलेले असते हे मला ठाऊक आहे! त्या भागातला मॅनकाइंड आणि द रॉक या कुस्तीगीरांचा सामना तर २९ डिसेंबर १९९८ लाच चित्रित झाला होता आणि मॅनकाइंड जिंकणार असल्याचे प्रतिस्पर्धी कुस्ती कार्यक्रम ‘नायट्रो’च्या समालोचकाने प्रक्षेपणाच्या रात्रीच जाहीर केले होते, तरीही असंख्य प्रेक्षकांनी मुद्दाम वाहिनी बदलून तो पाहिला. रावण जळणार हे ठाऊक असूनही दसरा मैदानावर सर्वांत पुढे कोण उभे असते, हे मी काकांना विचारत नाही, कारण वडीलधारे आहेत.

मात्र प्रवेशसंगीतातला काच फुटल्याचा तो आवाज होतो, तिसरा कुस्तीगीर स्टोन कोल्ड खुर्ची घेऊन धावत येतो आणि द रॉकला हाणतो, त्या एका क्षणासाठी मी सगळे पाहत असतो, आणि तो आवाज काकांच्या प्रवचनात दर वेळी बुडतो. वर बशी ठेवता ठेवता ते विचारतात, “मग जिंकले कोण?”