सर्व्हरला न विचारताच सर्व्हरची कुंडली?

'लॉगिन न करता पोस्टग्रेस सर्व्हरची पूर्ण कुंडली काढा' असा एक मेसेज सध्या फिरतोय. (पोस्टग्रेस म्हणजे डेटाबेस, आणि कुंडली म्हणजे त्याची आवृत्ती, सेटिंग वगैरे.) फिरेना का! पण आमच्या टीममधल्या पोराने त्यातली स्क्रिप्ट उचलून क्रॉनमध्ये, म्हणजे ठरल्या वेळी आपोआप कामं चालवणाऱ्या सोयीत, टाकली आणि मला सांगायला आला, "दादा, सगळे सर्व्हर 16.4 वर आहेत." नव्हते.

मेसेज म्हणतो, 'पीएसक्यूएल --व्हर्जन' चालवा. अहो, पीएसक्यूएल हा क्लायंट आहे, म्हणजे सर्व्हरला प्रश्न विचारणारा वेगळा प्रोग्रॅम! ही कमांड सर्व्हरशी बोलतच नाही. सर्व्हर बंद करून चालवा, तरी तेच उत्तर, तितक्याच ठसक्यात. पुढे पुरवणी अशी, की खात्रीसाठी सर्व्हरच्या मशीनवर 'पोस्टग्रेस --व्हर्जन' चालवा. तेही डिस्कवरच्या फाइलबद्दल सांगतं, मेमरीत चालू असलेल्या प्रोसेसबद्दल नाही. आमचं घोडं इथेच अडलं होतं. पॅकेज 16.4 चं बसवलं, रीस्टार्ट कुणी केलाच नाही. लॉगिन करून चालू सर्व्हरलाच 'शो सर्व्हर_व्हर्जन' विचारलं तर उत्तर 16.2. सर्व्हर कधी सुरू झाला ते सांगणारं 'पीजी_पोस्टमास्टर_स्टार्ट_टाइम()' विचारलं तर तारीख पॅकेज बसवण्याआधीची. स्क्रिप्ट फेल झाली असती तर परवडलं असतं. ही बया रोज हिरवी खूण देत होती.

आवृत्त्या मजकूर म्हणून ताडायच्या, हा दुसरा शहाणपणा. तसं केलं की 9.6 हे 10 पेक्षा मोठं ठरतं. म्हणून तर आवृत्ती एका पूर्ण आकड्यात देणारं 'सर्व्हर_व्हर्जन_नम' आहे. लिबपीक्यूच्या (पोस्टग्रेसशी बोलायची सी लायब्ररी) अधिकृत डॉक्युमेंटेशनमध्ये हिशोबच दिलाय: मुख्य आवृत्ती गुणिले 10000, अधिक उपआवृत्ती. 10.1 म्हणजे 100001. त्याआधीच्या तीन भागांच्या आवृत्त्यांत 9.1.5 म्हणजे 90105. सरळ आकडा मिळतोय, तर अक्षरं कशाला लावत बसायची?

सेटिंगसाठी कॉन्फ फाइल (सेटिंग लिहिलेली फाइल) ग्रेप करा, म्हणजे तिच्यात शब्द शोधा म्हणे. 'ऑल्टर सिस्टिम'ने केलेला बदल 'पोस्टग्रेसक्यूएल.ऑटो.कॉन्फ'मध्ये जातो आणि तोच वरचढ ठरतो. त्यापेक्षा सर्व्हरमधलं 'पीजी_सेटिंग्ज' हे कोष्टक बघा, रीस्टार्टसाठी काय अडलंय तेही 'पेंडिंग_रीस्टार्ट' कॉलममध्ये दिसतं.

एक गोष्ट मान्य, जिवावर येतंय तरी: बिल्ड कुठल्या पर्यायांनी झालंय ते 'पीजी_कॉन्फिग' लॉगिनशिवाय सांगतं, आणि एक्स्टेन्शन (पोस्टग्रेसला जोडायची पुरवणी) कंपाइल करताना तेच लागतं. फक्त मशीनवर दोन इन्स्टॉल असतील तर पाथमध्ये (कमांड शोधायच्या फोल्डरांच्या यादीत) आधी कुठलं सापडतंय ते बघा.

पोराची स्क्रिप्ट आता 'पीएसक्यूएल -एक्सएटीसी "शो सर्व्हर_व्हर्जन_नम"' चालवते आणि एक्झिट कोड शून्य नसेल, म्हणजे कमांड फसली असेल, तर लाल दाखवते. पहिल्याच फेरीत तीन सर्व्हर 160002, म्हणजे 16.2, निघाले.